उकिरड्याच्या उबेवर जन्मणारे पाखरू

हिवाळ्यात भल्या पहाटे नंदुरबारकडच्या खेड्यात उकिरड्यातून वाफ निघताना दिसते. फावड्याने वरचा थर ओढला की आतला शेणकचरा हाताला गरम लागतो. कुजणाऱ्या पाल्यात डोळ्यांना न दिसणारे जीवजंतू काम करीत असतात, त्यांचीच ही ऊब. आपण तिचा उपयोग खतापुरता करतो. पण याच उबेवर आपली पिढी वाढविणारा एक पक्षी आहे.

त्याचे नाव मेगापोड, म्हणजे मोठ्या पायांचा. आपल्या देशात तो फक्त निकोबार बेटांवर राहतो आणि ही निकोबारी जात जगात दुसरीकडे कुठेही नाही. आकाराने कोंबडीएवढा, रंगाने तपकिरी, वावर जमिनीवरच. समुद्रकाठच्या जंगलात नर-मादी पायांनी वाळू, माती आणि पालापाचोळा उकरून मोठा ढीग रचतात. एकाच ढिगात कित्येक जोड्या अंडी घालतात. जुना ढीग टाकून न देता त्यावर नवा पाला ओढून तो वर्षानुवर्षे वापरतात.

आपली खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते. मेगापोडची मादी एक दिवसही बसत नाही. ढिगात खड्डा करून अंडे पुरते आणि माती लोटून निघून जाते. अंडे कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट, आत बलक भरपूर. कुजणारा पाला आणि ऊन यांच्या उबेवर ते सत्तर ते ऐंशी दिवसांनी फुटते. पिल्लू स्वतःच माती उकरीत वर येते आणि जंगलात पळते. त्याला दाणा भरविणारे कोणी नसते.

मग ही आई निष्काळजी म्हणायची काय? मुळीच नाही. तिची सारी काळजी जागा निवडण्यात असते. योग्य वाळू, भरपूर पाला, डोक्यावर झाडे आणि जवळ किनारा, एवढ्यावर तिने लेकरू सोपविलेले असते. म्हणून जागा गेली की सगळेच गेले.

पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी १९९० च्या दशकात बेटोबेटी हिंडून या ढिगांची पाहणी केली होती. पुढे २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा आल्या. बेटांचे दक्षिण टोक सुमारे चार मीटर खचले आणि किनाऱ्यावरचे ढीग वाहून गेले. २००६ च्या पाहणीत किनाऱ्यावरील जोड्या आधीच्या मानाने सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या.

त्या ग्रेट निकोबार बेटाशी आपलेही नाते आहे. १९६९ पासून सरकारने तेथे माजी सैनिकांची कुटुंबे वसविली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. याच बेटावरील गॅलाथिया उपसागराच्या काठी मेगापोडचे ढीग आहेत. तेथे मोठे बंदर बांधण्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये अभयारण्याचा दर्जा काढण्यास मान्यता मिळाली. २०२२ मध्ये मेगापोडसाठी मेंचाल हे लहान बेट राखण्याचे सरकारने ठरविले. त्याच वर्षी तेथील निकोबारी आदिवासींच्या परिषदेने जंगलजमिनीसाठी आधी दिलेली संमती मागे घेतली.

बंदर हवे की नको, हा वाद मोठा आहे. पण 'तिकडे दुसरी जागा दिली' या शब्दांचा अर्थ नंदुरबार जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. माणसाला बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघता तरी येते, अर्ज करता येतो, मोर्चा काढता येतो. मातीत पुरलेल्या अंड्याला यातले काहीच जमत नाही.

तेव्हा पुढच्या थंडीत उकिरड्यातून वाफ निघताना दिसली, तर मुलांना जवळ बोलवा. त्यांचा हात त्या उबेवर धरा आणि दूर समुद्रात याच उबेवर जन्मणाऱ्या पाखराची गोष्ट सांगा.