शिंपल्याचे कवच आणि आपला धूर



तिसरीचा रिकामा शिंपला मी व्हिनेगरमध्ये टाकला. लगेच बुडबुडे आले; काही दिवसांत तो बोटाने मोडू लागला.

कोळशाच्या धुरातील गंधकाचे वायू ढगांत मिसळले की आम्लपाऊस पडतो. त्याने तळ्यांतले मासे मरतात. समुद्राला मात्र मोठा धोका आहे कार्बन डायऑक्साइडचा. आपण हवेत सोडतो त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषतो. त्यामुळे त्याची आम्लता दोन शतकांत सुमारे ३० टक्क्यांनी वाढली.

समुद्राचे व्हिनेगर होणार नाही. पण कोवळ्या कालवांना कवच बांधणे जड जाते. २००७ च्या सुमारास अमेरिकेतील ऑरेगनच्या किनाऱ्यावर अशाच पाण्यामुळे कालवांची असंख्य पिल्ले मेली.

आपल्या कोकणातही कालवे काढून घर चालवणाऱ्या बहिणी आहेत. त्यांच्यासाठी तरी धूर कमी करूया.