खोक्यावरचा पत्ता

गुजरीतून सोनं घेणारा कोल्हापूरकर ते पिशवीत झाकून घरी आणतो. बिटकॉइनसाठी हार्डवेअर वॉलेट मागवताना मात्र तोच माणूस नाव, मोबाइल, घरचा पत्ता बिनधास्त भरतो. पेनड्राइव्हएवढ्या या यंत्रात नाणी नसतात. व्यवहारावर सही करणारी खाजगी किल्ली असते. यंत्र फोडणं अवघड. ग्राहकांची यादी फोडणं तितकं अवघड नाही.

2020 मध्ये अशी वॉलेट बनवणाऱ्या फ्रान्सच्या लेजर कंपनीकडची माहिती चोरीला गेली. डिसेंबरात सुमारे 2,72,000 ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. यंत्रं शाबूत होती, हे विशेष! पुढच्या वर्षी काहींच्या घरी कंपनीच्या नावाने बनावट वॉलेट पोचली, सोबत चिठ्ठी: जुनं बदला, 24 शब्द टाका. त्या शब्दांतूनच किल्ली पुन्हा तयार होते. खरी कंपनी ते कधीच विचारत नाही.

बिटकॉइनने पैसे दिले की गुप्तता साधते, हा भ्रम. ब्लॉकचेनची वही सर्वांना खुली असते. ऑर्डरवरच्या नावाशी तुमचं खातं जोडलं गेलं, की विक्रेत्याला त्यातली शिल्लकही दिसू शकते. त्यापेक्षा यूपीआय बरं; खरेदी बँकेला कळते, पण नाण्यांची शिल्लक विक्रेत्याला नाही. परदेशातून मागवलं तर कस्टम्ससाठी कुरिअर केवायसी मागतंच.

तेव्हा पार्सल दुकानाच्या किंवा ऑफिसच्या पत्त्यावर घ्या, ईमेल वेगळा द्या, सेकंडहँड यंत्र टाळा. प्राप्तिकर खात्यापासून मात्र काही लपवू नका. नफ्यावर 30 टक्के कर आहेच.