ऑनलाइन लुडोत फासा कोण टाकतो? नव्या गेम डेव्हलपर्ससाठी क्लायंट-सर्व्हरची ओळख

हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी, पोरांना मोबाईलवर गेम खेळायला शिकवावं लागत नाही. आता त्यातली काही पोरं गेम बनवायलाही बसली आहेत. रोब्लॉक्स स्टुडिओ फुकट मिळतो, गोडॉट फुकट मिळतं, यूट्यूबवर धडे आहेत. एकट्याने खेळायचा गेम पंधरा दिवसांत उभा राहतो. दुसरा खेळाडू जोडला की मात्र गाडी अडते. माझ्या मोबाईलवर सहा पडले, दोस्ताच्या मोबाईलवर तीनच दिसतात! अशा वेळी कोडमध्ये बहुधा एकच गोष्ट ठरवायची राहून गेलेली असते, ती म्हणजे फासा टाकायचा कोणी.

लुडोचंच उदाहरण घेऊ. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात पोचला. घरात पट मांडून खेळताना फासा चौघांच्या डोळ्यांसमोर पडतो, त्यामुळे वाद मिटतो. ऑनलाइन डावात एक खेळाडू हिंगोलीत, दुसरा पुण्यात, तिसरा सौदीत. प्रत्येकाला फक्त आपापला स्क्रीन दिसतो. मग खरा फासा कोणाचा मानायचा?

इथे दोन शब्द लक्षात ठेवा. खेळाडूच्या हातातला मोबाईल किंवा कॉम्प्युटर म्हणजे क्लायंट. हे सगळे ज्याला जोडलेले असतात ते दूरचं मशीन म्हणजे सर्व्हर. चार जण खेळत असतील तर क्लायंटची स्क्रिप्ट चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या प्रतींत चालते. सर्व्हरची स्क्रिप्ट त्या डावासाठी एकच चालते. फासा क्लायंटच्या स्क्रिप्टमध्ये टाकला तर चार फासे पडणार, आकडे जुळणार कसे?

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. क्लायंट हा खेळाडूच्या ताब्यात असतो. मोड एपीके काय चीज आहे हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. कोड उघडून 'दर वेळी सहा' असा बदल करणं अवघड नसतं. मोबाईलने "मला सहा पडले" असं कळवायचं आणि सर्व्हरने मान डोलवायची, म्हणजे विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासून गुण लिहून आणण्यासारखं झालं.

म्हणून मोबाईलने फक्त विनंती करायची, "मला फासा टाकायचा आहे." सर्व्हर आधी पाहतो की पाळी याचीच आहे का, याने आधीच एकदा टाकला तर नाही ना. मग १ ते ६ मधला आकडा तो स्वतः काढतो, आपल्याकडे नोंदवतो आणि चौघांनाही तोच कळवतो. मोबाईलचं काम त्यानंतरचं: फासा गरगर फिरवून दाखवणं, आवाज काढणं, गोटी सरकवणं. गोटीचंही तसंच. "माझी गोटी घरात गेली" असं मोबाईलने सांगायचं नाही, "दुसऱ्या नंबरची गोटी चालवायची आहे" एवढंच सांगायचं. ती कुठे पोचते आणि कोणाची गोटी मारते, हे सर्व्हर ठरवतो.

रोब्लॉक्समध्ये यासाठी लोकलस्क्रिप्ट क्लायंटवर चालते, साधी स्क्रिप्ट सर्व्हरवर, आणि दोघांमधला निरोप रिमोटइव्हेंट नेतो. निरोप कोणत्या खेळाडूकडून आला हे रोब्लॉक्स स्वतः सर्व्हरला सांगतं, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने फासा टाकता येत नाही. निरोपातला बाकी मजकूर मात्र खोटा असू शकतो, तो तपासणं तुमच्याकडे. पूर्वी रोब्लॉक्सच्या अनेक गेममध्ये एका खेळाडूच्या मशीनवरचा बदल थेट सगळ्यांच्या खेळात उतरायचा. चिटिंगला मोकळं रानच! २०१८ मध्ये कंपनीने तो रस्ता बंद केला. फाशाची स्क्रिप्ट सर्व्हरस्क्रिप्टसर्व्हिसमध्ये ठेवा, ती खेळाडूच्या मशीनपर्यंत जातच नाही.

"सगळं सर्व्हरला विचारत बसलो तर गेम हळू होणार नाही का?" लुडोत नाही. हिंगोलीहून मुंबई सरळ रेषेत साधारण ४५० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला जाऊन यायला ५ मिलिसेकंदही लागत नाहीत. वेळ खातो तो टॉवर, गर्दी आणि वाटेतली यंत्रणा. सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतर ३५०० किलोमीटरच्या आसपास जातं, तरी फासा फिरण्याच्या ॲनिमेशनमध्ये तेवढा वेळ सहज झाकला जातो. गोळीबाराच्या गेममध्ये मात्र बटण दाबल्यावर वाट पाहायला कोणी तयार नसतं. तिथे मोबाईल अंदाजाने खेळाडूला लगेच हलवून दाखवतो आणि सर्व्हरचं उत्तर वेगळं आलं तर जागा दुरुस्त करतो. १९९६ च्या 'क्वेकवर्ल्ड'ने ही युक्ती गाजवली. नवशिक्यांनी त्या नादी एवढ्यात लागू नये, आधी पाळीपाळीने खेळायचा गेम नीट करावा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे: मध्येच नेट जातं. डावाची स्थिती सर्व्हरवर असेल तर खेळाडू परत येताच गोट्या कुठे आहेत, पाळी कोणाची, हे सगळं त्याला पुन्हा पाठवता येतं. तीस सेकंद वाट पाहून पाळी पुढे न्या, नाहीतर एकासाठी तिघे अडकतात.

आणखी एक. "दहा-दहा रुपये लावून लुडो खेळवणारं ॲप बनवून दे" असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, आणि असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फासा सर्व्हरवर प्रामाणिकपणे टाकला म्हणून त्यातून सुटका नाही.

गेम तपासायला चार मोबाईल लागत नाहीत. रोब्लॉक्स स्टुडिओत एकाच लॅपटॉपवर सर्व्हर आणि दोन खेळाडू चालवून पाहता येतात. एका खिडकीतून पाळी नसताना फाशाची विनंती पाठवा, एकदम वीस वेळा पाठवा, सहाव्या नंबरची गोटी मागून बघा. सर्व्हरने यातलं काहीही मान्य केलं तर ती तपासणी लिहायची राहिली आहे.