बिल्टीवरची दोन अक्षरे आणि कारागिराचे नुकसान

धानोऱ्याच्या एका कारागीर बांधवाने मागे एक बिल्टी आमच्यापुढे ठेवली. लोखंडी कपाटे तयार करण्याचा त्यांचा व्यवसाय. नाशिकच्या गिऱ्हाइकाला त्यांनी ३८,००० रुपयांची चार कपाटे पाठविली होती. भाडे १,५०० रुपये. दोन कपाटे वाटेत चेपली, आरसे फुटले. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टीवरच्या कोपऱ्याकडे बोट दाखविले. तिथे 'ओ.आर.' असा शिक्का होता. "मालकाच्या जोखमीवर माल गेला आहे, आमच्याकडे काही मागू नका," असे उत्तर मिळाले. आमचे बांधव 'आज बघू, उद्या बघू' या आश्वासनांवर थांबले आणि आमच्याकडे आले तेव्हा सात महिने उलटले होते.

हे नुकसान केवळ रस्त्यावरच्या खड्ड्याने झालेले नाही. बिल्टीवरची अक्षरे न वाचल्यानेही झाले आहे. आपले व्यापारी भावताव करताना पै-पैचा हिशेब करतात, पण बिल्टी मात्र न वाचता घडी घालून खिशात ठेवतात. म्हणून रोजच्या वापरातील काही शब्दांचा अर्थ येथे देत आहोत.

बिल्टी, एल.आर., जी.आर. : तिन्ही नावे एकाच कागदाची. एल.आर. म्हणजे लॉरी रिसीट, जी.आर. म्हणजे गुड्स रिसीट. रेल्वेने माल गेला तर आर.आर., म्हणजे रेल्वे रिसीट. माल पाठविणारा तो कन्साइनर, घेणारा तो कन्साइनी. ही दोन्ही नावे, नगांची संख्या आणि मालाची किंमत बरोबर लिहिली आहे की नाही, हे गाडी सुटण्यापूर्वी पाहावे.

पेड, टू पे, टी.बी.बी. : 'पेड' म्हणजे भाडे पाठविणाऱ्याने भरले. 'टू पे' म्हणजे माल सोडविताना घेणाऱ्याने भरायचे. टी.बी.बी. म्हणजे 'टू बी बिल्ड', महिन्याचे बिल मागाहून येणार. भाव ठरवितानाच भाडे कोणाकडे हे ठरले नाही, तर गिऱ्हाईक गोडाऊनवर माल तसाच ठेवते आणि डेमरेज चढू लागते. डेमरेज म्हणजे मुदतीत माल न उचलल्याबद्दलचा आकार.

एफ.ओ.आर. : आपल्याकडील व्यवहारात 'एफ.ओ.आर. सुरत' म्हटले की सुरतेपर्यंतचे भाडे विकणाऱ्याच्या भावात आले. 'एफ.ओ.आर. नंदुरबार' म्हटले की नंदुरबारपासून पुढचे भाडे घेणाऱ्याचे. एका गावाच्या नावाने नफा इकडचा तिकडे होतो.

एफ.टी.एल. आणि पार्ट लोड : पूर्ण ट्रक आपला असेल तर एफ.टी.एल. इतरांच्या मालासोबत गेला तर पार्ट लोड. पार्ट लोडचा माल वाटेत चढतो-उतरतो, म्हणून त्याचे पॅकिंग अधिक मजबूत हवे.

चार्ज्ड वेट : काट्यावरचे वजन वेगळे आणि भाडे आकारण्याचे वजन वेगळे. हलका पण जागा अडविणारा माल असेल तर मापावरून वजन धरतात. कुरिअरमध्ये लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. ६० x ५० x ४० चे खोके प्रत्यक्षात १० किलोचे असले तरी भाडे २४ किलोचे लागते.

एस.टी.सी. : 'सेड टू कन्टेन', म्हणजे आत अमुक माल आहे असे पाठविणारा सांगतो, वाहतूकदाराने उघडून पाहिलेला नाही.

आता 'ओ.आर.' कडे वळू. ओ.आर. म्हणजे ओनर्स रिस्क, मालकाची जोखीम, सी.आर. म्हणजे कॅरिअर्स रिस्क, वाहतूकदाराची जोखीम. शिक्का मारला की वाहतूकदार सुटला, हा समज चुकीचा आहे. 'नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले की, ओनर्स रिस्कवर माल गेला तरी स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी वाहतूकदाराला टाळता येत नाही.

पुढे १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे सर्वसाधारणपणे भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट आहे, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. आमच्या बांधवाच्या बाबतीत ही मर्यादा १५,००० रुपये होते. याहून अधिक संरक्षण हवे असेल तर बुकिंगच्या वेळीच जास्त जोखमीचा दर भरावा लागतो, किंवा विमा उतरवावा लागतो.

मात्र एक अट कडक आहे. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस दिली नसेल तर दावा लावता येत नाही. तोंडी तक्रार चालत नाही. आमच्या बांधवाचे हेच चुकले. शिवाय नाशिकच्या गिऱ्हाइकाने पी.ओ.डी.वर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, कोणताही शेरा न लिहिता सही केली होती. 'दोन नग चेपलेले, आरसे फुटलेले' एवढे शब्द लिहिले असते तर पुरावा हाती राहिला असता.

ई-वे बिल : आपल्या जिल्ह्याला गुजरातची हद्द लागून असल्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. परराज्यात ५०,००० रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. म्हणजे ७०,००० चा माल धुळ्याला विनाबिल चालेल, सुरतेला चालणार नाही. परराज्यातील व्यापाऱ्याने जरीकाम, शिलाई यासाठी जॉब वर्कवर माल पाठविला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागते. नोंदणीतून सूट असलेल्या कारागिराने हस्तकलेचा माल परराज्यात नेला तरी तोच नियम आहे. बिलात 'यू.आर.पी.' दिसले तर त्याचा अर्थ जी.एस.टी. नोंदणी नसलेली व्यक्ती.

परदेशी व्यापार : मिरचीसारखा माल न्हावा शेवा बंदरातून पाठवायचा झाल्यास आधी आय.ई.सी., म्हणजे आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. एफ.ओ.बी. भावात जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. सी.आय.एफ. भावात परक्या बंदरापर्यंतचे भाडे व विमाही त्याचाच. पण जोखीम मात्र जहाजावर माल चढताच घेणाऱ्याकडे जाते. या शब्दांचे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने प्रथम १९३६ साली केले. सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. करारात ते वर्ष अवश्य लिहावे. जहाजावरच्या मालाची बिल्टी ती बी.एल., बिल ऑफ लेडिंग.

आमच्या त्या बांधवाचे पैसे परत मिळाले नाहीत. परंतु आता ते दुकानात एक वही ठेवतात. बिल्टी क्रमांक, तारीख, जोखीम कोणाची, माल कसा पोचला, आणि १८० वा दिवस कोणता, असे पाच रकाने. गाडीवाल्याला ते पाच मिनिटे थांबवितात आणि बिल्टी मोठ्याने वाचतात. इतरांनीही अशी वही ठेवावी, एवढेच आमचे सांगणे.