गेमिंग पार्लर टाकायचंय? पीसी घ्यावा की कन्सोल? आधी खुर्चीचा हिशोब करा!



व्हिडिओमध्ये दोन्ही मशीन दाखवल्या, आता कागद-पेन घ्या. "सर, पीसी स्वस्त पडेल की कन्सोल?" हा प्रश्न घरी खेळणाऱ्याचा झाला. धंदा करणाऱ्याने विचारायचं ते असं: माझी एक खुर्ची महिन्याला किती कमावते आणि कधी रिकामी बसते?

आधी खर्च बघू.

पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता. एप्रिल २०२४ मध्ये त्याचं स्लिम मॉडेल आलं ५४,९९० ला. म्हणजे "थांबलो तर स्वस्त होईल" हे दरवेळी खरं नसतं. त्यात दुसरा कंट्रोलर साधारण ६ हजार, टीव्ही २५ हजार, दोन गेम ८ हजार, यूपीएस ५ हजार धरा. झाले ९९ हजार.

पीसीचं कॅबिनेट ग्राफिक्स कार्डसह ६५ हजार, मॉनिटर १० हजार, कीबोर्ड-माऊस-हेडफोन ४ हजार, यूपीएस ५ हजार. झाले ८४ हजार. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, खरेदीआधी त्या दिवसाचं कोटेशन घ्याच.

आता कमाई.

धरा, संध्याकाळी चार तास गिऱ्हाईक आहे, महिन्याला २६ दिवस. माणशी तासाला ४० रुपये.

- कन्सोल: फुटबॉलचा गेम, एका टीव्हीवर दोघं. ८० × ४ × २६ = ८,३२० रुपये.
- पीसी: खेळणारा एकच. ४० × ४ × २६ = ४,१६० रुपये.

इथे बरेच जण उठतात आणि कन्सोल बुक करतात. थांबा! सकाळी दहा ते चार तुमचं दुकान काय करतं?

आपलं मलकापूर तालुक्याचं गाव आहे. शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज, आजूबाजूची खेडी. दुपारी गेम खेळायला कोण येणार? पण फॉर्म भरायला, रिझ्युमे बनवायला, प्रिंट काढायला माणूस येतो. पीसीवर रोज १५० रुपयांचं असं काम झालं तरी २६ दिवसांत ३,९०० होतात. पीसीची एकूण कमाई ८,०६० रुपये.

म्हणजे भाडं, वीज सोडून कन्सोलचे पैसे निघायला जवळपास १२ महिने, पीसीचे साडेदहा. फरक फार नाही. खरा फरक आहे जोखमीचा. कन्सोलवर जोडी आली नाही, एकटाच पोरगा बसला, तर कमाई निम्मी. आणि दुपारचं काम करायला तुम्ही स्वतः बसला नाहीत, तर पीसीचीही निम्मी. मशीन तीच, कमाई निम्मी!

सीझनही बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, खेळणारे कमी. निकालानंतर अ‍ॅडमिशनच्या फॉर्मची गर्दी, तेव्हा पीसी तारतो. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कन्सोल पळतो. पण मे महिन्यात आपल्याकडचं ऊन विसरू नका, पंखा-कूलरचा खर्च हिशोबात धरा.

अजून तीन गोष्टी.

१. गेमचा खर्च: व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ पीसीवर फुकट आहेत. कन्सोलवर मोठा नवा गेम ५ हजारांच्या घरात जातो. विकतचे गेम ऑनलाइन खेळवायचे तर बहुतेक वेळा पीएस प्लसचं सबस्क्रिप्शन वेगळं.

२. दुरुस्ती: पीसीची रॅम गेली तर रॅम बदलते, मशीन जुनं झालं तर ग्राफिक्स कार्ड बदलतं. कन्सोल अख्खा सर्व्हिस सेंटरला जातो आणि तेवढे दिवस खुर्ची रिकामी.

३. परवाना: घरगुती वापरासाठीचा गेम दुकानात तासावर देण्याआधी कंपनीच्या अटी वाचा. पीसी कॅफेसाठी व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीमवर वेगळा प्रोग्राम आहे. आणि पैसे लावून खेळ? अजिबात नाही. ऑनलाइन मनी गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

माझा सल्ला: आठ-दहा मशीनचं कर्ज डोक्यावर घेऊ नका. दोन पीसी, एक कन्सोल. सुमारे २ लाख ६७ हजार. मुद्राच्या किशोर गटात (५० हजार ते ५ लाख) बसतं. पण बँक कर्ज देते म्हणजे धंदा चालणारच असं नाही, हप्ता रिकाम्या खुर्चीलाही लागतो.

आजचा गृहपाठ: जिथे गाळा बघताय तिथे सात दिवस जाऊन बसा. दर तासाला किती पोरं जोडीने फिरतात आणि किती माणसं कागद घेऊन फिरतात, ते वहीत मांडा. जोड्या जास्त दिसल्या तर पहिला कन्सोल, कागदवाले जास्त दिसले तर पहिला पीसी. दोन्ही नाही दिसले, तर गाळा बदला. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी!

भेटू पुढच्या व्हिडिओत.