एक्स-रे नॉर्मल आला, पण सूज उतरत नाही? मग हे वाचा



जाम असो की कन्हान, तलाव असो की धरण, आपल्या हातात काटा रुतणं रोजचंच. फडकं गुंडाळलं की पुन्हा जाळ्यावर. बहुतेक जखमा भरतात. पण कधीकधी जंतू सांध्यात नाहीतर हाडात शिरतात. पांढुर्णा-सौंसरहून छिंदवाडा किंवा नागपूर गाठायचं म्हणजे दिवसाची कमाई बुडते. म्हणून पहिला फोटो चांगला आला की आपण घरी बसतो. तिथंच घात होतो.

कोणती तपासणी काय दाखवते, ते समजून घेऊ.

एक्स-रे: हाडात पू होत असला तरी पहिले 10 ते 14 दिवस यात बहुधा काही दिसत नाही. हाड बरंच झिजल्यावरच फरक उमटतो. तरी एक्स-रे काढायचाच. हाड मोडलं का, गळाचा तुकडा आत राहिला का, हे त्यात कळतं. माशाचा काटा मात्र दरवेळी दिसेलच असं नाही.

सोनोग्राफी: सांध्यात पाणी किंवा पू साचलाय का, हे लगेच दिसतं. रुतलेला काटाही सापडू शकतो. त्यातच पाहून डॉक्टर सुईनं पाणी काढतात आणि जंतू ओळखायला लॅबमध्ये पाठवतात. आधीच दुकानातून अँटिबायोटिक आणून खाल्लं, तर जंतू सापडणं अवघड होतं.

एमआरआय: हाडातली सूज पहिल्या काही दिवसांतच दाखवतो. मणक्याच्या टीबीतही याचा मोठा उपयोग. यात एक्स-रेचे किरण नसतात, मोठं चुंबक असतं. म्हणून डोळ्यात किंवा अंगात लोखंडाचा कण, रॉड, पेसमेकर असेल तर आधी सांगा.

सीटी स्कॅन: जुन्या दुखण्यात हाडाचा मेलेला तुकडा यात नीट दिसतो.

आणखी एक. पाण्यात आणि माशांवर राहणारा मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जंतू आहे. हा टीबीच्या जंतूचा भाऊबंद. जखमेनंतर काही आठवड्यांनी बोटावर गाठ येते, मग हळूहळू हाताच्या शिरा आखडतात. साध्या गोळ्यांनी बरं वाटत नाही. म्हणून "मी मासेमारी करतो, काटा रुतला होता" हे डॉक्टरला स्वतःहून सांगा.

त्याच दिवशी दवाखाना गाठा: सांधा लाल, गरम, सुजलेला आहे, ताप आहे, सांधा हलवता येत नाही, किंवा लेकरू पाय टेकवत नाही. सांध्यातला पू काही दिवसांतच कुर्चा खातो, मग तो सांधा कायमचा आखडू शकतो.

एक्स-रे नॉर्मल आणि दुखणं तसंच असेल, तर डॉक्टरला विचारा, "सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का?" जुने फोटो जपून ठेवा, पुढे तुलनेला लागतात.

डोंग्यावरच्या आपल्या जोडीदारालाही हे वाचून दाखवा. जाळं पुन्हा विणता येतं, हात नाही.