अंजलैचे क्रीडांगण

मुलांनो, मॉरिशसच्या उत्तर भागात बेल व्यू येथे एक मोठे क्रीडांगण आहे. तेथे फुटबॉलचे सामने होतात. या क्रीडांगणाला अंजलै कुपेन हिचे नाव दिले आहे. तुम्हांला वाटेल, ती नामवंत खेळाडू असेल. पण तसे नाही. ती उसाच्या मळ्यात राबणारी एक गरीब स्त्री होती. मग तिचे नाव क्रीडांगणाला का दिले? चला, आपण पाहू या.

पूर्वी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. मळ्यांत आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम काम करीत. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मग मळ्यांसाठी भारतातून मजूर आणले गेले. आपले मराठी पूर्वजही मुंबई बंदरातून जहाजाने येथे आले.

बहुतेक मोठे मळे थोड्याशा गोऱ्या कुटुंबांच्या मालकीचे होते. एके काळी तर मजूर एक दिवस कामावर आला नाही, की त्याची दोन दिवसांची मजुरी कापत. मत देण्याचा हक्कही पैसेवाल्या पुरुषांनाच होता. माणसाचा रंग आणि पैसा पाहून त्याला मान मिळे.

पुढे दुसरे महायुद्ध आले. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. महागाई वाढली. मजुरांच्या घरी पोटभर अन्न मिळेना. १९४३ साली बेल व्यू हारेल येथील मजुरांनी मजुरी वाढवून मागितली आणि काम थांबवले. २७ सप्टेंबर रोजी तेथे पोलीस आले. त्यांनी गोळीबार केला. त्यात चार जण मरण पावले. त्यांत एक लहान वयाचा मुलगा होता आणि अंजलैही होती. ती ३२ वर्षांची होती. लवकरच ती आई होणार होती.

या बलिदानाने सारा देश हळहळला. लोक आपल्या हक्कांसाठी जागे झाले. बासदेव बिसुनदयाल यांनी व त्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावी लोकांना लिहायला-वाचायला शिकवले. १९४७ च्या नव्या नियमाप्रमाणे ज्याला साधे लिहिता-वाचता येई, त्याला मत मिळाले. स्त्रियांनाही मत मिळाले. १९४८ साली हजारो मजुरांनी प्रथमच मतदान केले. शेवटी १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला.

वंश, रंग किंवा धर्म यांवरून कोणाशी भेदभाव करू नये, असे आपली राज्यघटना सांगते. पण मुलांनो, नुसते लिहून भागत नाही. ते आपण पाळायचे असते. वर्गात कोणी कोणाला रंगावरून चिडवले, तर तुम्ही काय कराल?

पुन्हा कधी बेल व्यूला सामना पाहाल, तेव्हा खेळाडूंकडे नीट पाहा. कोणी काळा, कोणी गोरा, कोणी सावळा. पण गोल कोणीही केला, तरी तो एकच गोल धरतात! अंजलैच्या नावाला हेच शोभते.

शब्दार्थ
मजुरी – कामाबद्दल मिळणारे पैसे
बलिदान – दुसऱ्यांसाठी प्राण देणे
भेदभाव – एकाला एक व दुसऱ्याला वेगळे वागवणे

प्रश्न
१. बेल व्यू हारेलच्या मजुरांनी काम का थांबवले?
२. १९४७ च्या नियमाने कोणाकोणाला मत मिळाले?
३. क्रीडांगणाला अंजलैचे नाव देणे योग्य आहे, असे तुम्हांला का वाटते?